ठळक तिरपा स्लॅब सेरिफ: बेळगावातल्या आमच्या टेबलावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात डीटीपी आणि फलकांचं काम करताना रोज कुणीतरी समोरच्या खुर्चीवर बसतं आणि म्हणतं, "अक्षरं जरा पळाल्यागत दिसू देत की ओ." कुस्तीच्या मैदानाचं पत्रक, टेनिस बॉल क्रिकेटचे टी-शर्ट, उद्यमबागेतल्या कारखान्याचं नाव, खासगी बसच्या अंगावरची अक्षरं. या सगळ्यांना बहुतेक वेळा एकच चीज हवी असते, ती म्हणजे बोल्ड (ठळक) इटॅलिक (तिरपा) स्लॅब सेरिफ. हे नाव कुणी घेत नाही. बोटाने रस्त्यावरचा टेम्पो दाखवतात आणि "तसलं" म्हणतात. या अक्षरावर माझा जीव आहे, आणि ते चुकीच्या जागी, चुकीच्या पद्धतीने वापरलेलं पाहिलं की जीव तुटतो. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

स्लॅब सेरिफ म्हणजे नेमकं काय?

रोमन लिपीतला मोठा 'आय' डोळ्यांसमोर आणा. मधे उभा दांडा, वर एक आडवी पट्टी, खाली एक. या पट्टीला सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात ती पट्टी बारीक असते, टोकाला निमुळती होते आणि दांड्याला वळण घेऊन मिळते. स्लॅबमध्ये ती दांड्याच्या तोडीची जाड असते, थेट ठोकळा. उद्यमबागेत काम करणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात कळतं: आय सेक्शनचा गर्डर आडवा कापला की जो छेद दिसतो, तोच स्लॅब सेरिफचा 'आय'.

यात दोन घराणी आहेत. एकात पट्टी आणि दांडा काटकोनात भेटतात आणि जाडी सगळीकडे जवळजवळ सारखी असते. १९२९ चा मेम्फिस आणि १९३४ चा रॉकवेल हे या घरातले. दुसऱ्यात जोडावर छोटं वळण असतं आणि जाड-बारीक फरकही थोडा दिसतो. १८४५ चा क्लॅरेंडन हा त्या घरातला थोरला. मला स्वतःला क्लॅरेंडनचं घर जास्त आवडतं. त्याच्या जाडीत ऊब आहे.

हे अक्षर आलं कुठून?

इंग्लंडमधून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तोवर छापखान्यातलं अक्षर पुस्तकासाठी घडवलेलं होतं, हातात धरून वाचण्याजोगं. कारखाने आले, बाजार वाढला, भिंतींवर जाहिराती लागायला लागल्या आणि रस्त्यापलीकडून ओरडून सांगणाऱ्या अक्षराची गरज पडली. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या ओतशाळेने (शिशाची अक्षरं ओतणाऱ्या कारखान्याने) १८१५ च्या सुमारास असा टाइप आपल्या नमुना पुस्तकात दाखवला. त्या काळात नेपोलियनच्या मोहिमेमुळे युरोपभर इजिप्तचं वेड पसरलेलं होतं, आणि पुढे अशा टाइपांना 'इजिप्शियन' हेच नाव चिकटलं. इजिप्तच्या लिपीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

मोठी अक्षरं शिशात ओतली तर जड होतात, महाग पडतात, आणि ओतताना सपाटीही नीट येत नाही. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी १८२७ च्या सुमारास लाकडी टाइप यंत्राने कापायला सुरुवात केली आणि स्लॅबला मोकळं रान मिळालं. लाकडात बारीक टोक टिकत नाही, ठोकळा टिकतो. अमेरिकेतल्या सर्कशीच्या आणि लिलावाच्या पोस्टरांवर ही अक्षरं दिसतात ती त्यामुळे.

क्लॅरेंडनची गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रॉबर्ट बेस्ली यांच्या ओतशाळेने तो काढला, आणि त्याचं एक मोठं काम होतं शब्दकोशासारख्या मजकुरात एखादा शब्द उठून दाखवण्याचं. साध्या अक्षरांच्या ओळीत मधेच एक ठळक शब्द घालण्याची सवय अशा टाइपांनी लावली. त्या नमुन्याला तीन वर्षांचं कायदेशीर संरक्षण होतं. ते संपताच बाकीच्या ओतशाळांनी सर्रास नकला काढल्या.

बोल्ड आणि इटॅलिक एकत्र आले की स्वभाव कसा बदलतो?

आमच्या भागातल्या माणसाला सांगायचं तर कुस्तीचा पवित्रा बघा. मल्ल आखाड्यात नुसता सरळ उभा असतो तेव्हा वजन दोन्ही पायांवर सारखं असतं. तो आहे तिथे आहे. हा साधा बोल्ड स्लॅब. सलामी झाली, मल्ल पुढे झुकला, वजन पुढच्या पायावर आलं, पण टाच जमिनीत रोवलेलीच. हा बोल्ड इटॅलिक स्लॅब. झुकण्यात वेग असतो, टाचेत ताकद.

इथेच तो इतर तिरप्या अक्षरांपासून वेगळा पडतो. बिनसेरिफाचं ठळक तिरपं अक्षर सुसाट जातं, पण त्याला जमीन नसते, घसरल्यासारखं वाटतं. पुस्तकी इटॅलिक नाजूक असतं, कानात बोलल्यासारखं. स्लॅबच्या पट्ट्या आडव्याच राहतात, त्यामुळे अक्षर कितीही झुकलं तरी ओळ जमिनीला धरून असते. ट्रॅक्टर, कुरिअर, व्यायामशाळा, खेळाचा संघ, अवजारांचं दुकान यांना तो शोभतो तो याच कारणाने. वजनदार वस्तू हलते आहे, असं त्याला सांगता येतं.

दोन-तीन शब्दांपर्यंत तो राजा आहे. दोन-तीन ओळी झाल्या की गोंगाट होतो.

संगणकावर 'बी' आणि 'आय' ही दोन्ही बटणं दाबली की झालं ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतो.

खरा बोल्ड इटॅलिक हा स्वतंत्र घडवलेला फाँट असतो. कुणीतरी प्रत्येक अक्षर झुकलेलं आणि जाड असं नव्याने आखलेलं असतं. त्यातही दोन प्रकार. काहींत फक्त सरळ अक्षर झुकवून हाताने दुरुस्त केलेलं असतं. काहींत अक्षराचा घाटच बदलतो: छोट्या 'ए'ची वरची कमान जाते आणि तो एकपोटी होतो, 'एफ'चा पाय ओळीखाली उतरतो, पायाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जाऊन एकाच बाजूला पट्टी उरते. पीटर मॅथियास नूर्डझे यांचा १९९० चा सिसिलिया या दुसऱ्या प्रकारातला उत्तम नमुना. किंडलवर वाचणाऱ्या कितीतरी लोकांच्या डोळ्यांखालून तो गेला आहे.

फाँटात असं रूप नसेल आणि तुम्ही बटण दाबलं, तर संगणक आहे तेच अक्षर एका बाजूला ढकलतो. वेबवर हा कोन साधारण १४ अंश असतो. आता जवळून बघा काय होतं. गोल 'ओ' घ्या. ढकलल्यावर त्याचा वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाड होतो, उरलेले दोन कोपरे बारीक. लहान आकारात चालून जातं. तेच अक्षर तीन फूट उंच करून फलकावर लावलं की टायर एका बाजूने दबल्यासारखा दिसतो. बोल्डही खोटा असेल तर संगणक कडेने सगळीकडे सारखी रेघ फुगवतो, आणि 'ए', 'ई'च्या पोटातली पोकळी बुजायला लागते. आधीच स्लॅबच्या पट्ट्यांनी जागा खाल्लेली असते. पोकळी गेली की वाचणं गेलं.

मग खरा बोल्ड इटॅलिक असलेले मोफत फाँट कोणते?

झिला स्लॅब (मोझिलासाठी २०१७ मध्ये आलेला), अर्वो, बिटर, अलिओ. या चौघांत खरी तिरपी ठळक रूपं आहेत. सगळीकडे सापडणाऱ्या रोबोटो स्लॅबमध्ये इटॅलिक नाही. अल्फा स्लॅब वनला तर एकच रूप आहे. या दोघांवर 'आय' दाबलंत तर जे दिसेल ते ढकललेलंच.

मराठी अक्षरांना बोल्ड इटॅलिक करता येतं का?

माझं उत्तर: ठळक करा, हवं तितकं करा. ढकलून तिरपं करू नका.

कारण लिपीच्या घडणीत आहे. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं असतं. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. उभा माणूस पुढे झुकला की पाय जमिनीवर राहतात, डोकं पुढे जातं, आणि डोळ्याला वेग दिसतो. दोरीवर वाळत घातलेले कपडे मात्र वरून बांधलेले असतात. देवनागरी ढकलली की शिरोरेषा जागच्या जागी आडवी आणि सगळे काने खालून मागे गेलेले, वाऱ्याने कपडे मागे उडावेत तसे. पळायचं सोडून शब्द मागे ओढला जातो. एकदा हे दिसलं की पुन्हा नजरेआड होत नाही. शेजारी 'र'ची तंगडी उगाच जाड होते, वेलांटीची कमान पडकी दिसते.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या मंडळासाठी धावण्याच्या शर्यतीचा वीस फुटी फलक केला होता. मजकूर मोजका होता, वर मोठ्ठं 'धावा'. फाँटात ठळक रूप नव्हतं, मी बटणाने फुगवलं आणि वर तिरपंही केलं. पडद्यावर झकास दिसलं. फलक वेशीवर चढला, मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं, आणि पोटात गोळा आला. 'ध'च्या डोक्यावर शिरोरेषा जिथे तुटते ती फट फुगवण्यात बुजली होती. लांबून स्वच्छ 'घावा' वाचता येत होतं. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' या जोड्या त्या एवढ्याशा फटीवर उभ्या आहेत. रातोरात दुसरा फलक छापून दिला, स्वतःच्या पैशाने. तेव्हापासून ठळक मराठी मजकुरात मी पहिल्यांदा ही चार अक्षरं तपासतो.

मग मराठीत जोर आणि वेग दाखवायचा कसा?

जोरासाठी खरं ठळक रूप असलेला फाँट घ्या, जसा 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' किंवा 'अनेक' नावाचा फाँट. रोमनचा स्लॅब आणि देवनागरी एकाच हाताची हवी असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा कर्मा बघा. त्यात देवनागरी आणि स्लॅब सेरिफ रोमन एकमेकांच्या जोडीने आखलेले आहेत. इटॅलिक नाही, पण दोघांचं वजन जुळतं, आणि फलकावर निम्मं काम तिथेच होतं.

तिरपंच हवं असेल तर तिरपं म्हणून जन्माला आलेलं अक्षर निवडा. कलम हा हस्ताक्षराच्या वळणाचा फाँट पुढे झुकलेला आहे आणि त्यात ठळक रूपही आहे. टिरो देवनागरी मराठीमध्ये मुद्दाम आखलेलं तिरपं रूप आहे, पण ते पुस्तकाच्या वजनाचं. फलकासाठी नाही, दिवाळी अंकाच्या पानासाठी सुरेख.

एक साधी युक्ती अशीही आहे: शब्द सरळच ठेवा आणि पूर्ण ओळ डावीकडून उजवीकडे थोडी चढती लावा, चार-पाच अंश. शिरोरेषाच चढते, त्यामुळे अक्षरं तिच्यासोबत जातात. आपल्याकडचे जुने पेंटर हेच करायचे.

पण मोडी तर तिरपी होती ना?

होती, आणि हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं. मोडी ही मराठीची झरझर लिहायची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. या भागात जुन्या घरांच्या ट्रंकांत जमिनीचे मोडी कागद अजून निघतात. ते बघा. तिथे तिरपेपणा ढकलल्याने आलेला नाही. हाताच्या वेगाने आला आहे, म्हणून प्रत्येक वळण त्याला साथ देतं. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा आहे. उद्या कुणी तरुण अक्षरकार मराठीसाठी ठळक तिरपा टाइप घडवणार असेल, तर त्याने इंग्रजी इटॅलिकऐवजी मोडीचे कागद समोर ठेवून बसावं, असं मला मनापासून वाटतं.

एका फलकावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी बसवायचं कसं?

आमच्या भागातला हा रोजचा हिशेब. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या आणि व्यवसायांच्या फलकावर ६० टक्के कन्नड हवं, आणि तेही वरच्या अर्ध्यात. म्हणजे मराठी आणि इंग्रजीला उरलेल्या जागेत बसायचं असतं. जागा कमी म्हणून मराठी बारीक आणि फिकट करून कोपऱ्यात घालू नका. आपल्या आजीला ते नाव वाचता आलं पाहिजे.

कन्नड अक्षर गोल असतं आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली उतरून बसतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. म्हणून कन्नडच्या ओळीखाली मोकळी जागा ठेवावीच लागते. ढकलून तिरपं केलं की खालचं अक्षर वरच्यापासून डावीकडे सरकल्यासारखं दिसतं. सरळ ठेवा.

माझी पद्धत अशी: कन्नड आणि मराठी दोन्ही सरळ आणि सारख्याच काळेपणाची, तिरपं फक्त इंग्रजी नाव. 'अनेक' या फाँटकुटुंबात कन्नड, देवनागरी आणि रोमन एकाच मापाने आखलेले आहेत, जाडीचे आकडे शंभरापासून आठशेपर्यंत आणि रुंदीही कमी-जास्त करता येते. कन्नड आणि मराठी त्यातून घेतो, इंग्रजी नावाला झिला स्लॅबचा बोल्ड इटॅलिक लावतो. मग डोळे किलकिले करून पडद्याकडे बघतो. तीन ओळींतली एखादी जास्त काळी किंवा करडी दिसली, तर तिची जाडी बदलायची. आकड्यावर जाऊ नका. एका लिपीतला सातशे दुसऱ्या लिपीतल्या सातशेइतका काळा दिसेलच असं नाही.

गाडीवर लिहिताना काही वेगळं पाहावं लागतं का?

हो, आणि हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. उजवीकडे झुकलेलं अक्षर गाडीच्या उजव्या अंगावर, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, गाडीच्या तोंडाकडे झुकतं. गाडी आणि अक्षर एकाच दिशेने. तेच नाव डाव्या अंगावर लिहिलं की अक्षरं मागच्या चाकाकडे झुकतात, गाडी पुढे आणि नाव मागे. महामार्गावरून पुण्या-बेंगळुरूकडे जाणाऱ्या बसगाड्या बघा, दोन्ही बाजू ताडून पाहा. उपाय सोपा आहे: डाव्या बाजूला तोच फाँट सरळ बोल्डमध्ये लावा. अक्षर उलट्या बाजूला झुकवू नका, ते धक्का बसल्यासारखं दिसतं.

कपड्यांवर, खोक्यांवर, पत्रकांवर कसा चालतो?

टी-शर्टवर उत्तम. स्क्रीन प्रिंटिंगची शाई कापडात थोडी पसरते. बारीक सेरिफ तिथे मरतात, स्लॅब टिकतो. पाठीवरचे आकडे तर यातच छापावेत. भरतकामातही ठोकळा सुबक येतो. स्वस्त कागदावर शाई पसरण्याचं दुखणं वर्तमानपत्रांनाही होतं, आणि त्यांच्यासाठी १९२५ मध्ये लायनोटाइप कंपनीने काढलेला आयॉनिक नंबर ५ हा क्लॅरेंडनच्याच वळणाचा होता.

कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावी दुधाच्या मिठाईच्या, खोक्यावर मात्र मी तो लावणार नाही. कुंदा मंद आचेवर तासन्‌तास आटवलेला असतो, त्याला घाई कसली? तिथे सरळ, गोलसर क्लॅरेंडन लावावा.

कुठे अजिबात नको?

लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचा फलक, दवाखान्याच्या सूचना, कोणताही सलग मजकूर.

फलकावर अक्षर केवढं ठेवायचं?

धंद्यातला जुना अंदाज असा: दहा फुटांवरून ठसठशीत दिसायला एक इंच उंची. रस्त्याच्या पलीकडून, चाळीस फुटांवरून वाचायचं असेल तर किमान चार इंच. बोल्ड इटॅलिक स्लॅब असेल तर मी त्यात थोडी भर घालतो आणि दोन अक्षरांमधली जागाही किंचित वाढवतो, कारण शेजारच्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. ही सूट फक्त रोमनला. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते.

फाँट फुकट मिळाला तर धंद्यात वापरता येतो का?

वर दिलेले गूगल फाँट्सवरचे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. फलक, खोकं, टी-शर्ट, सगळ्याला चालतात. नुसता फाँट विकायला मनाई आहे. पेन ड्राइव्हमधून आलेल्या 'दहा हजार फाँट' नावाच्या फोल्डरचं मात्र काही खरं नसतं. दुसऱ्याच्या कष्टाची चोरी त्यात असते, आणि बऱ्याचदा अर्धी अक्षरंही गायब असतात.

फ्लेक्सवाल्याकडे फाइल पाठवताना काय सांभाळायचं?

मजकूर पक्का झाला की अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृतीत, रूपांतर करा, आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. नाहीतर समोरच्या संगणकावर तो फाँट नसला की तिथे दुसराच येतो आणि 'ऱ्य', 'ळ' यांची वाट लागते. वेबसाइट करत असाल तर करणाऱ्याला सांगा की फाँट-सिंथेसिस बंद ठेव. मग खरं रूप नसलं तर ब्राउझर ढकललेलं दाखवणार नाही, सरळच दाखवेल.

भिंतीवर पेंटरकडून रंगवून घेता येईल का?

जरूर घ्या, जोवर हे हात आहेत तोवर. फाँटचा छापील कागद पेंटरला द्या, पण शब्द तिथल्या तिथे मोजून बसवण्याची मोकळीक त्याची त्याला द्या. तो आधी खडूचा दोरा ताणून वरची आणि खालची रेघ मारेल, मग पट्टीने तिरप्या रेघा, सगळ्या एकाच कोनात. सपाट ब्रशने आधी दांडे ओढून होतील आणि अगदी शेवटी, ब्रश आडवा धरून, वर-खाली त्या जाड पट्ट्या. ती शेवटची आडवी फेरी बघायला थांबा. तोवर हलणारी अक्षरं एकेक करून जमिनीवर येतात.